आधी आतलं काढून घ्यायचं

आई, मी रात्रभर झोपले नाही. काळजी तर आहेच, पण डॉक्टरांनीच सांगितलं होतं की पोरीला झोपू द्यायचं नाही. आज सकाळी तिच्या डोक्याला वायरी लावून डोक्यात काय चाललंय ते मशीनवर बघायचं होतं. त्याला पोर दमलेली लागते, म्हणजे ती इथंच खाटेवर झोपी जाते. मग आम्ही दोघांनी मिळून तिला जागं ठेवलं. हे घोडा झाले, मी तिच्या बाहुल्यांची लग्नं लावली. आता बघ कशी झोपलीय. डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलंय आणि त्यातून रंगीत वायरी लोंबतायत. हे कॉफी आणायला म्हणून गेलेत, ते बहुतेक गाडीतच झोपले असणार. मशीनपाशी बसलेली मुलगी मघाशी मला म्हणाली, "यू ओके, मॉम?" इथं दवाखान्यात मला सगळे मॉमच म्हणतात. मी मान हलवली आणि तिच्याकडनं दोन कागद मागून घेतले. हात मोकळे असले की जास्त भीती वाटते.

तुला ही पोर माहीत नाही. दादाची तू पाहिलीस, पायावर घेऊन न्हाऊ घातलीस. माझी झाली तेव्हा तू नव्हतीस. पाच वर्षांची आहे आता. नाक तुझं आहे आणि बोलते इंग्लिश. मी विचारते, "जेवलीस का गं?" ती म्हणते, "आय ॲम फुल, आई." मिशिगनमध्ये नोव्हाय म्हणून गाव आहे, तिथं आम्ही राहतो. ह्यांना चाकणच्या कंपनीनं मशिनी बसवायला पाठवलं आणि राहिलो इथंच. आपली माणसं खूप आहेत, पण बहुतेक सगळी इंजिनियर, बायकासुद्धा. पहिल्या वर्षी हळदीकुंकवाला गेले तर एकीनं विचारलं, "तू तिकडं काय करायचीस?" मी म्हणलं, "लॅपटॉप धुवायचे." सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी आपलं खरं सांगितलं होतं. आपण दोघी त्याला धुणंच म्हणायचो की.

एसटी स्टँडमागच्या त्या कॉम्प्युटर क्लासचा जिना मला अजून दिसतो. तू तिथं झाडायला लागली होतीस. सरांनी छोटे छोटे लॅपटॉप घेतले होते, पाटीएवढे. सीडी घालायला जागाच नाही त्यांना, सगळं पेनड्राइव्हनं करायचं. बॅच संपली की पोरांनी त्यात गाणी, गेम, व्हायरस, काय काय भरून ठेवलेलं असायचं, आणि सर एकेक लॅपटॉप घेऊन परत नव्यासारखा करत बसायचे. एक दिवस तू केरसुणी हातात घेऊन त्यांच्या मागं उभी राहिलीस आणि म्हणलीस, "सर, तुम्ही तर रोज तेच तेच करताय. मला दाखवा की." सर म्हणाले, "मावशी, इंग्लिश वाचता येतं का?" तू म्हणलीस, "नाही. पण रंग कळतात." सर हसले आणि त्यांनी खुर्ची सरकवली. चांगला माणूस. दुसरा असता तर म्हणला असता आधी जिना पूस.

तू टिकल्या लावल्यास. चालू करताना जे बटण दाबून धरायचं त्याला लाल टिकली, पुढं जायच्या बटणाला हिरवी, आणि हात लावायचा नाही त्याला काळी. पडदा निळा झाला की काय करायचं, करडा झाला की काय करायचं, सगळं तुझं पाठ. पेनड्राइव्ह दोन. लाल दोऱ्याचा खोचला की लॅपटॉप त्याच्यावर चालू व्हायचा, त्याच्या आतल्या बिघडलेल्या सिस्टमला न उठवता. पांढऱ्या दोऱ्याचा रिकामा, त्यात पोरांचं जे काही असेल ते भरायचं. ते भरून झाल्याशिवाय तू पुढं जायची नाहीस. म्हणायचीस, पातेलं घासायला टाकायच्या आधी त्यातलं काढून घेतो ना आपण, मग? आणि एकेक काम झालं की टेबलाच्या कडेला एक चिंचोका ठेवायचीस. पेनड्राइव्ह खोचला, चिंचोका. आतलं काढलं, चिंचोका. मला वाटायचं तुला लिहिता येत नाही म्हणून चिंचोके.

मी दहावी नापास झाले आणि तू मला घरी रडत बसू दिलं नाहीस, क्लासवर घेऊन गेलीस. मला तोरा होता, मला इंग्लिश वाचता येत होतं ना थोडं. पडद्यावर आलं की आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल का. मी मोठ्यानं वाचलं आणि 'हो' वर बोट नेलं. तू माझ्या मनगटावर फटका मारलास. बांगडी फुटली माझी.

"वाचता येतं म्हणून दाबायचं असतं होय गं?"

"अगं, तोच विचारतोय ना, चालेल का म्हणून."

"तो विचारणारच. त्याच्या बापाचं काय जातंय? ज्या पोराचं आत आहे त्याला विचारलंस का तू?"

सर पलीकडं बसून हसत होते. मला इतका राग आला होता तुझा. त्या लॅपटॉपमध्ये काय होतं, तर कुणाच्या तरी बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो. तू ते पांढऱ्या दोऱ्यात काढून घेतलेस, त्या पोराला दिलेस, आणि त्यानं तुला पेढा आणून दिला. तो तू पदरात बांधून घरी आणलास आणि अर्धा माझ्या तोंडात कोंबलास.

क्लास बंद झाला तेव्हा सरांनी तुला एक लॅपटॉप दिला आणि तू तो माझ्या रुखवतात मांडलास. एकीकडं अनारसे, एकीकडं लोकरीचं तोरण, मधे लॅपटॉप, टिकल्या लावलेला, शेजारी लाल दोरा, पांढरा दोरा. ह्यांच्या आत्यानं तो उलटा करून बघितला. "सीडी कुठं घालायची ह्यात? फटच नाही. अर्धवट दिलाय की हो." तू म्हणलीस, "सीडी नाही लागत ह्याला. माझ्या पोरीला येतं सगळं." तेवढ्यानं मी मान वर केली, बघितलंस का तू? नवरीनं खाली बघायचं असतं, पण मी वर बघितलं.

आता पोरीचं सांगते. शाळेतल्या टीचरनं म्हणलं, ती ऐकत नाही, मधेच खिडकीकडं बघत बसते, बहुतेक इंग्लिश कळत नसेल. मी म्हणलं, तिला तर फक्त तेच कळतं. मग म्हणाल्या, लक्ष नसतं. हेपण घरी तिला ओरडायला लागले, टीव्ही बंद केला. आणि एक दिवस मी पोळ्या करत होते, ती समोर बसून खात होती, माझ्याशी बोलत होती, आणि बोलता बोलता थांबली. पोळीचा तुकडा हातात. डोळे उघडे, पापण्या नुसत्या लुकलुक करतायत, आणि आत कोणी नाही. मी हाक मारली, नाही. तवा धुरायला लागला तरी मी हलले नाही. मग ती परत आली आणि जिथं सोडलं होतं तिथनं पुढं बोलायला लागली, मधे काही झालंच नाही असं. आई, मी तिथं तुलाच बघितलं. आपल्या घरात दूध उतू जायचं आणि तू डाव हातात घेऊन भिंतीकडं बघत उभी असायचीस. अण्णा म्हणायचे, ध्यान कुठं असतं हिचं. आजी म्हणायची वेंधळी आहे. त्या दिवशी पोळपाटापाशी उभं राहून मला तुझे चिंचोके कळले. मधेच कुठं गेलीस आणि परत आलीस, तर आपण कुठवर आलो होतो ते कळायला पाहिजे ना. लॅपटॉपला काय सांगणार होतीस, जरा थांब म्हणून? तू एवढं सांभाळून काम केलंस की एक लॅपटॉप तुझ्या हातनं बिघडला नाही, एका पोराचा एक फोटो गेला नाही. हे कुणाला माहीतच नाही, तर कौतुक कोण करणार. मी करते.

इथल्या डॉक्टरांकडं नेलं तर तिथं ती एकदम शहाणी. उड्या मारतेय, रंग सांगतेय. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी जाताना व्हिडिओ काढून न्या, ते कसं होतं ते तिथं बघायला लागेल. पुढची वेळ म्हणजे काही महिन्यांनी, मोठ्या दवाखान्यात, डोक्याच्या डॉक्टरांकडं. मी फोन घेऊन पोरीच्या मागं मागं. दहादा काढावा तर एकदा मिळायचं. ती गेलीय हे कळून फोन हातात घेईपर्यंत ती परत आलेली असायची. तरी जमवले मी बरेच. जेवताना, आंघोळीत, पार्किंगमध्ये बर्फात उभी असताना. फोन भरला. फोन कशानं भरलेला, तर फॅमिली ग्रुपच्या गुड मॉर्निंगच्या फुलांनी आणि कुणाच्या कुणाच्या बारशांनी. ते पुसावं तर सासूबाई विचारतात, "पाठवलेलं बघितलंस का? मग सांग बरं काय होतं त्यात." म्हणून मी फुलं ठेवली, आणि पोरीचे व्हिडिओ तुझ्या लॅपटॉपमध्ये टाकून फोनमधनं पुसले. हस. मीपण हसते आता. तेव्हा नाही हसले.

डॉक्टरांकडं जायच्या आदल्या आठवड्यात तो लॅपटॉप आपला आपण अपडेट का काय करत होता. त्याची बॅटरी कधीच मेलीय, वायर लावली तरच चालतो. मी व्हॅक्यूम करत होते, वायरीत अडकले, वायर निघाली. परत लावला तर कंपनीचं नाव येतं, विझतं, नाव येतं, विझतं. मी तशीच कार्पेटवर बसले. तारीख गेली तर पुढची कधी मिळणार देव जाणे, आणि व्हिडिओ नसले तर तेही टीचरसारखंच म्हणणार, लक्ष नसतं हिचं. ह्यांना प्लांटवर फोन केला. ते म्हणाले, "अगं, दुकानात दे ना, मी शिफ्टमध्ये आहे." दुकानात नेला. तिथला पोरगा चांगला होता. म्हणाला, सिस्टम परत घालून देतो, पण आतलं सगळं जाईल, चालेल का? आणि सही करायला पुढं केलं. मी त्याच्या हातनं लॅपटॉप काढूनच घेतला. त्याला वाटलं असेल काय बाई आहे. आई, माझं मनगट दुखलं तेव्हा, खरंच सांगते.

वरच्या मजल्यावर एक नागपूरची ताई राहते, सॉफ्टवेअरवाली. मी लॅपटॉप पोटाशी धरून तिच्या दारात उभी.

"काय झालं गं? रडतेस काहून?"

मी सांगितलं.

"बाप्पा! हा म्युझियममध्ये दे तू. क्लाउडवर नाही टाकलं यार?"

"नाही टाकलं."

"बरं, आता काय पाहिजे तुला?"

मला काय पाहिजे ते मला माहीत होतं! ह्याचंच मला अजून नवल वाटतं. तुझा लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह मी लावून बघितला होता, तो मेला होता. म्हणलं, "ताई, पेनड्राइव्हवरनं चालू होणारी सिस्टम पाहिजे. आतलं न उठवता." ती माझ्याकडं बघतच राहिली, मग म्हणाली, "बस. चहा टाकते." तिच्या लॅपटॉपवर तिनं उतरवून तिच्याच एका पेनड्राइव्हवर घालून दिली. पहिली आपल्या लॅपटॉपनं घेतलीच नाही, ती नव्या लॅपटॉपांची होती. मग ताईनं शोधून शोधून जुनी, हलकी काढली. तिला शोधता येतं, मला ह्या लॅपटॉपचा स्वभाव माहीत आहे, असं आम्ही दोघींनी केलं. ती म्हणाली, "कुठलं बटण दाबायचं असतं ह्याला? प्रत्येकाचं वेगळं असतं." मी म्हणलं, "हे काय, टिकली आहे ना." लाल रंग कधीच उडालाय, पण चिकटलेलं गोल आहे अजून. दाबून धरलं. करडा पडदा आला. मग तो नेहमी घेतो तेवढा वेळ घेतला, त्यात ताई दोनदा म्हणाली, "गेला का गं?" आणि मी म्हणलं, "नाही, तो असाच आहे, त्याला बोलू नको." आणि उघडला. आणि माझ्या पोरीच्या नावाची पिवळी फाइल तिथं होती, आणि तिच्यात सगळे व्हिडिओ.

चिंचोके नव्हते. मी ताईच्या डब्यातले राजमा घेतले. पांढऱ्या दोऱ्यात सगळं काढलं आणि एक राजमा ठेवला. ते ताईच्या लॅपटॉपवर लावून एकेक व्हिडिओ उघडून बघितला, चालतोय का, आणि दुसरा ठेवला. ताई व्हिडिओ बघत होती, पार्किंगमधला. म्हणाली, "ही अशी होते?" मी म्हणलं, "हो." तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मूळ सिस्टम परत घालायला घेतली, ती ह्याच्याच पोटात एका कोपऱ्यात असते ना, तू दाखवलेली. पडद्यावर आलं, सगळं पुसलं जाईल, चालेल का. ताई म्हणाली, "दाबू?" मी म्हणलं, "थांब, हे मी दाबते." आणि हिरव्या टिकलीवर मी दाबलं. वाचून दाबलं, आणि जिचं आत होतं तिचं सगळं आधी काढून घेऊन.

डोक्याच्या डॉक्टरांनी पहिला व्हिडिओ बघितला, दुसरा बघितला, आणि खुर्ची माझ्याकडं वळवली. पोरीकडं नाही, माझ्याकडं. म्हणाले, हे तुम्ही फार चांगलं काम केलंत. ह्याला नाव आहे, आणि बहुतेक औषध आहे, आधी डोक्याची तपासणी करू. लक्ष नसणं वेगळं आणि हे वेगळं. हे माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी माझा हात धरला, सगळ्यांसमोर. मग डॉक्टरांनी फोनवर दुभाषी बाई लावली, आपली मराठी. कुठनं बोलत होती कोण जाणे. म्हणाली, "ताई, डॉक्टर विचारतात, घरात आणखी कुणाला असं होतं किंवा व्हायचं का? सावकाश सांगा, घाई नाही."

आई, मला माझ्या हाताखाली तुझं डोकं जाणवलं. आठवतं ना तुला? दूध उतू गेलं होतं, मी तुला हलवून हलवून जागं केलं होतं, आणि तू आधी विचारलंस, "किती वेळ?" आणि मग शेगडी पुसायच्या आधी माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावलीस. अण्णांना सांगायचं नाही, दादाला नाही, दादाला तर अजिबात नाही. तेव्हा त्याच्यासाठी मुली बघत होते. म्हणलीस, "घरात फिटा आहेत म्हणलं तर कोण देईल पोरगी? माझं काय, मी सांभाळते." आणि सांभाळलंस. पार शेवटच्या तापापर्यंत.

मी दुभाषी बाईला म्हणलं, "माझ्या आईला." तिनं ते इंग्लिशमध्ये सांगितलं, आणि डॉक्टरांनी लिहून घेतलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "मला सांगायचंस ना." मी म्हणलं, "शपथ होती." ते म्हणाले, "आणि तरी त्या लॅपटॉप धुवायच्या?" मी म्हणलं, "शंभर धुतले असतील." ते म्हणाले, "च्यायला." कौतुकानं म्हणाले गं.

आता मशीनवरच्या रेघा नाचतायत. त्या मुलीनं मघाशी काहीतरी खूण केली आणि माझ्याकडं बघून हसली, पण सांगत नाही. डॉक्टर सांगतील म्हणे. मला भीती वाटते. पण मला हे सगळं जमलं, ते तुझ्यामुळं जमलं, आणि पोरगी मोठी झाली की मी तिला तुझं सगळं सांगणार आहे, फिटा धरून सगळं. त्यात लपवण्यासारखं मला काही दिसत नाही.

एक मात्र अजून जमलं नाही. परवा वहिनी फोनवर म्हणाली की दादाच्या पोरीची शाळेतनं तक्रार आलीय. लिहिता लिहिता पेन्सिल धरून बसून राहते, बाईंनी हाक मारली तरी बघत नाही. दादा तिला रोज अंगणात उठाबशा काढायला लावतो. मी दादाला दोनदा फोन लावला. तो म्हणतो, "काय गं, बरी आहेस ना? थंडी कशी आहे तिकडं?" आणि मी थंडीचंच सांगते. डॉक्टरांना सांगितलं, परक्या बाईला सांगितलं, ह्यांना सांगितलं, आणि दादापाशी आलं की माझ्या तोंडातनं शब्द निघत नाही. तू फक्त त्याचंच नाव दोनदा घेतलं होतंस ना शपथेत.

हे तुला पोचायचं नाही, मला कळतं. पण कुणाच्या तरी हातात पडेल. जो कुणी वाचेल त्यानं माझ्या भावाला फोन करा. नंबर माझ्या फोनमध्ये आहे, दादा म्हणूनच आहे. त्याला एवढंच सांगा की पोरीला उठाबशा काढायला लावू नकोस, ती मुद्दाम करत नाही, तेवढा वेळ ती तिथं नसतेच. डॉक्टरांना दाखव. आणि आपल्या आईचंपण असंच व्हायचं, असं सांगा. माझ्याच्यानं होत नाही. आजच करा, तिची उद्याची शाळा सुटायच्या आधी.